शिवसागरापलीकडची गावं

नकाशात नॉर्वेचा किनारा पाहा. उंदरानं कुरतडल्यासारखा दिसतो ना? हिमनद्यांनी तिथल्या डोंगरांत खोल दऱ्या कोरल्या. पुढे बर्फ वितळलं आणि त्यांत समुद्र शिरला. या दऱ्यांना म्हणतात फियॉर्ड. त्यातला सोग्ने फियॉर्ड २०० किलोमीटरहून लांब आहे!

आपल्या परभणीकडे सगळं सपाट काळं रान. पाण्याचा पसारा बघायला येलदरी धरण गाठावं लागतं. पण सातारा जिल्ह्यात फियॉर्डसारखाच देखावा आहे. तो मात्र बर्फानं नाही, माणसानं घडवलाय.

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेकडे वाहते. १९६० च्या दशकात तिच्यावर १०३ मीटर उंचीचं धरण झालं. पाणी मागे मागे चढत गेलं. कोयना, सोळशी, कांदाटी या नद्यांची खोरी भरली आणि सुमारे ५० किलोमीटर लांबीचा शिवसागर जलाशय तयार झाला. भातखाचरं बुडाली. शंभराच्या आसपास गावांना झळ बसली. कुणी रायगड, ठाण्याकडे गेलं, तर कुणी पार सोलापूरकडे. काही जण तिथंच डोंगरात वर सरकले.

त्यांच्याकडे जायचं तर साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला उतरायचं, नाहीतर महाबळेश्वरहून तापोळ्याला. पुढे लाँच! दोन्ही बाजूंना झाडीनं भरलेले डोंगर आणि मध्ये शांत पाणी. पर्यटक वासोटा किल्ल्याला जातात, फोटो काढतात. पण दवाखाना, बाजार, शाळा पाण्यापलीकडे असेल, तर हेच पाणी आडवं येतं. उन्हाळ्यात ते ओसरतं आणि होडीपर्यंत चिखल तुडवत जावं लागतं.

कोयनेच्या पाण्यावर १९६० मेगावॅटचे वीजसंच बसवले आहेत. त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी थेट बोगद्यात घेतलं. धरण रिकामं न करता! हे तंत्र नॉर्वेतलं बरं का.

आता जावळी तालुक्यातलं खिरखिंडी बघा. इथल्या मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडायच्या, मग जंगलातून सुमारे चार किलोमीटर चालत अंधारीच्या शाळेत पोचायच्या. जंगलही साधंसुधं नाही, शेजारीच सह्याद्री व्याघ्र प्रकल्प! वर्गात उशिरा आलेल्या मुलाला आम्ही शिक्षक पटकन रागावतो. या मुलींना काय म्हणणार? जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याची स्वतःहून दखल घेतली. मुली शिकाव्यात असं वाटत असेल, तर आधी शाळेची वाट सुरक्षित करा, असं न्यायमूर्तींनी सरकारला सुनावलं.