पिकअप जातो, दिवे लागतात

खंबाटकीच्या चढावर ट्रक ओलांडायला ॲक्सिलरेटर दाबावा आणि नेमका तेव्हाच पिकअप जावा. डॅशबोर्डवर इंजिन, एबीएस, ट्रॅक्शन असे तीन दिवे एकदम लागावेत. बाजूला थांबून किल्ली बंद-चालू केली, की सगळं ठीक! गॅरेजला पोचेपर्यंत गाडी अगदी शहाणी झालेली असते. या लपंडावामागच्या काही गमती ऐका.

अशा वेळी इंजिनाची ताकद बहुधा संपलेली नसते, मुद्दाम आवरून धरलेली असते. आजच्या बहुतेक गाड्यांत पेडलपासून इंजिनापर्यंत केबलच नाही. पेडलपाशी दोन सेन्सर असतात आणि पाय किती दाबला ते दोघंही वेगवेगळ्या व्होल्टेजमध्ये ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सांगतात. दोघांच्या साक्षी जुळल्या नाहीत, की ईसीएम गाडी लिंप मोडमध्ये टाकतो. म्हणजे हळूहळू का होईना, घर गाठा. स्कॅनरवर तेव्हा अनेकदा ‘पी २१३८’ हा कोड दिसतो.

या पेडल-सेन्सरने नासाच्या इंजिनिअरांनाही कामाला लावलं होतं! टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात, या तक्रारींचा तपास अमेरिकी सरकारने त्यांच्याकडे दिला. अहवाल २०११ मध्ये आला. गाडी भरधाव सुटण्याचं इलेक्ट्रॉनिक कारण त्यांना सापडलं नाही. मात्र झटके खाणाऱ्या एका गाडीच्या पेडल-सेन्सरमध्ये केसाहून बारीक असा कथिलाचा तंतू सापडला. कथिलाच्या मुलाम्यातून असे तंतू आपोआप उगवतात. या तंतूने दोन्ही सेन्सरचे सिग्नल एकमेकांना जोडून टाकले होते.

तीन दिवे लागले म्हणजे तीन बिघाड झाले असं नाही. गाडीतले छोटे संगणक कॅन नावाच्या, पीळ दिलेल्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणली. इंजिनाने ‘माझा भरवसा धरू नका’ असं कळवलं, की ट्रॅक्शन कंट्रोलही काम थांबवून स्वतःचा दिवा लावतो. या तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. त्यामुळे बॅटरी सोडवून मीटर लावला तर ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले, तर एक टोक तुटलंय!

बॅटरीचा लाल दिवा बॅटरीबद्दल कमी आणि चार्जिंगबद्दल जास्त सांगतो. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना आकडा बहुधा साडेतेरा ते साडेचौदा असतो. तो बाराच्या घरात रेंगाळला तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट आणि वायरिंग बघा.

आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गुन्हेगार, अर्थिंग. गाडीचा पत्रा हीच करंट परत जाण्याची वाट असते. इंजिनाला बॉडीशी जोडणारी एक पट्टी गंजली, की हेडलाइट, वायपर, पंखा एकदम चालू असताना सेन्सरचे आकडे डळमळतात. पाऊस, चिखल आणि कोकणची खारी हवा या पट्टीच्या जोडांना फार लवकर खातात. एका बोल्टच्या गंजापायी लोक महागडा ईसीएम बदलतात, याची मला खरंच हळहळ वाटते. आधी ती पट्टी काढून कानशीने घासा, घट्ट बसवा, मग पुढचा खर्च.

पावसाळ्यात उंदीरही बॉनेटखाली मुक्कामाला येतात आणि वायर कुरतडतात. त्यावर आपल्याकडचा घरगुती तोडगा म्हणजे बॉनेटखाली तंबाखूची पुरचुंडी!

इंजिन तापलं की बंद पडतं आणि निवलं की सुरू होतं? मग क्रँक सेन्सर तपासा. चेक इंजिनचा दिवा नुसता लागून न राहता उघडझाप करतोय? ते जोरदार मिसिंगचं लक्षण. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं, म्हणून लगेच पाय सैल करा.

आणि हो, दिवा विझावा म्हणून कोड घाईने उडवू नका. बिघाड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम आणि इंजिनाचं तापमान ईसीएम जपून ठेवतो. कोडबरोबर तेही पुसलं जातं. ते आधी कागदावर उतरवून घ्या.

तरीही काही सापडलं नाही, तर जाणता मेकॅनिक इंजिन चालू ठेवून वायरिंग आणि कपलर एकेक करून हलक्या हाताने हलवतो. मध्येच इंजिन अडखळतं, दिवा लागतो आणि त्याचा हात तिथेच थांबतो.