शेताला सुटी नसते



घरात बाळ जन्मास आले म्हणजे आनंदीआनंद होतो. शेजारणी येतात, बाराव्या दिवशी पाळणा सजतो, आजीच्या मांडीवर नातवाचे नाव ठेवले जाते. परंतु ज्या घराचा चरितार्थ दारच्या मळ्यावर चालतो, त्या घरात या आनंदाबरोबर एक चिंताही पाळण्याजवळ येऊन बसते. उद्या पहाटे भाजी कोण तोडील? गाय कोण पिळील? आणि आई वाफ्यात वाकली असताना बाळ रडले, तर त्याला कोण उचलील?

ही चिंता केवळ आपल्या बेटावरील छोट्या बागायतदारांची नाही. जो देश धनाने व यंत्रांनी सर्वांच्या पुढे समजला जातो, त्या अमेरिकेतही ती आहे. म्हणून आज आम्ही आपल्याला तेथील एका गावाकडे नेत आहोत.

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या पूर्व तीरावर ट्रॉय नावाचे जुने शहर आहे. एकोणिसाव्या शतकात ते लोखंडाच्या कारखान्यांसाठी आणि सदऱ्याच्या सुट्या कॉलरींसाठी प्रसिद्ध होते. ते दिवस गेले. आज त्या शहराचा एक अभिमान म्हणजे दर शनिवारी भरणारा शेतकऱ्यांचा बाजार. सन २००० पासून तो भरत आहे. उन्हाळ्यात तो उघड्यावर असतो, हिवाळ्यात छपराखाली. आसपासच्या खेड्यांतील लहान शेतकरी कुटुंबे भाजी, अंडी, दूध, चीज असा आपला माल तेथे स्वतः विकतात.

हा बाजार पाहावयास सुंदर, पण त्यामागचे वेळापत्रक कठीण आहे. त्या प्रदेशात मे महिन्याच्या मध्यापर्यंत दहिवराचे भय असते आणि ऑक्टोबर लागला की ते पुन्हा सुरू होते. म्हणजे उघड्या शेतातील बहुतेक कमाई पाच महिन्यांत करावयाची. शुक्रवारी माल तोडावयाचा, धुवावयाचा, जुड्या बांधावयाच्या. शनिवारी उजाडण्यापूर्वी गाडी भरावयाची. ज्याच्याकडे दुभती जनावरे आहेत, त्याला तर दिवसातून दोनदा गोठ्यात गेलेच पाहिजे. गाईला रविवार नसतो. अशा घरात जून महिन्यात बाळ आले, तर बाप एकटा शेत पाहील की बाळ-बाळंतिणीजवळ बसेल?

आपण म्हणाल, तेथे कायदे असतील. आहेत. न्यूयॉर्क राज्यात १ जानेवारी २०१८ पासून कुटुंब-रजेचा कायदा लागू झाला. सन २०२१ पासून नोकरी करणाऱ्या आईला, आणि बापालाही, बाळाच्या पहिल्या वर्षात बारा आठवड्यांपर्यंत रजा मिळू शकते आणि ठराविक मर्यादेत सरासरी पगाराचे ६७ टक्के पैसे मिळतात. सन २०२० पासून शेतमजुरांनाही या रजेचा हक्क मिळाला. त्यांना आठवड्यातून सलग २४ तास विश्रांतीही मिळाली. ही चांगली गोष्ट झाली.

परंतु जी बाई स्वतःच शेताची मालकीण आहे, तिला हा लाभ आपोआप मिळत नाही. तिने आपल्या खर्चाने विमा घेतला पाहिजे, आणि तोही धंदा सुरू केल्यापासून २६ आठवड्यांच्या आत. ती मुदत चुकली, तर लाभासाठी दोन वर्षे थांबावे लागते. बाळ काही दोन वर्षे थांबत नाही! त्यातून विमा असला तरी विम्याचे पैसे गोठ्यात जाऊन दूध काढीत नाहीत. पैसे आणि हात या दोन वेगळ्या गरजा आहेत. शेतकऱ्याच्या घरी बाळ आले म्हणजे आधी हात कमी पडतात.

ही तक्रार एकट्या ट्रॉयची नाही. ओहायो राज्य विद्यापीठ आणि विस्कॉन्सिनमधील राष्ट्रीय शेती-वैद्यक केंद्र यांच्या संशोधकांनी अमेरिकेच्या ४७ राज्यांतील ८६० शेतकरी पालकांना विचारले, तेव्हा १८ वर्षांखालील मुले असलेल्या कुटुंबांपैकी ७७ टक्के कुटुंबांनी सांगितले की मुलांना सांभाळण्याची सोय मिळविणे त्यांना कठीण जाते. कोठे पाळणाघर नाही, कोठे ते परवडत नाही, तर कोठे ते मनासारखे नाही. सन २०२२ च्या शेती-गणनेत त्या देशातील शेतकऱ्याचे सरासरी वय ५८ वर्षांच्या वर निघाले. तरुण जोडपी मुळातच थोडी. त्यातून पहिल्या बाळाच्या वेळीच त्यांची पाठ मोडली, तर पुढे शेत कोण करील?

आणखी एक गोष्ट जड अंतःकरणाने सांगावी लागते. सांभाळावयास कोणी नसले की मूल शेतात येते. अमेरिकेत शेतीशी संबंधित अपघातांत सरासरी दर तीन दिवसांत एक मूल दगावते, असे तेथील बाल-सुरक्षा केंद्र सांगते. ट्रॅक्टर, पाण्याचे डबके, मोठी जनावरे, औषधांचे डबे. मुलाला त्यातले भय कळत नाही. हे अपघात आईबापांच्या निष्काळजीपणाने होतात असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. ज्या आईला दोनच हात आहेत आणि दोन्ही कामात गुंतले आहेत, तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणता असतो?

आता आपल्याकडे वळू. आमची आजी सांगत असे की बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकू देत नसत. शेक-शेगडी, तेल, अळीव आणि डिंकाचे लाडू, आणि कामाला हात नाही. आज आपण त्याला जुनी रूढी म्हणतो. त्यात सोवळ्या-विटाळाची समजूत होती, ती गेली हे चांगलेच झाले. परंतु ती रूढी एक प्रकारची रजाही होती. सासू स्वयंपाक पाही, जाऊ पाणी आणी, दीर उसात जाई. रजेचा कायदा नव्हता, पण घर होते. आज कास्कावेल असो वा वाकोआ, घरे विभक्त झाली. सासू स्वतः नोकरीला, दीर परदेशी. रूढी गेली, आणि तिच्याबरोबर मदतीचे हातही गेले.

रत्नागिरीकडून आपले पूर्वज ज्या उसासाठी या बेटावर आले, त्याच उसात आजही महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याची जोडपी तोडणीला जातात. घरची कोरडवाहू जमीन पुरत नाही म्हणून सहा-सहा महिने ती गाव सोडतात. तेथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. उचल आधी घेतलेली असते. बायको कामावर आली नाही की खाडा लागतो आणि पैसे कापले जातात. म्हणून पोट पुढे आलेली बाई मोळी उचलते आणि तान्हे बाळ फडाच्या कडेला झोळीत झोपते. ट्रॉयची भाजीवाली आणि बीडची ऊसतोड कामगार यांच्या संपत्तीत आकाश-पाताळाचे अंतर आहे. पण बाळ रडले की दोघींपुढे उभा राहणारा प्रश्न एकच आहे.

हा प्रश्न आपल्या लोकांना जुना आहे. हिरकणीची कथा आपण मुलांना सांगतोच. रायगडावर दूध विकावयास गेलेली ती गवळण. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले आणि खाली घरी तान्हे बाळ एकटे. अंधारात भयंकर कडा उतरून ती बाळाजवळ पोहोचली. शिवाजी महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधून घेतला, असे लोककथा सांगते. आज महाराष्ट्रात एस.टी. स्थानकांवर मातांना बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते, तिला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. हे नाव योग्यच आहे.

मात्र हिरकणीचे गुणगान करताना आपण एक विचार करावा. कडा उतरणाऱ्या आईचे कौतुक पुष्कळ झाले. तिच्यावर कडा उतरण्याची पाळी येऊ नये, याची तजवीज कोणी करावयाची? ती आईने एकटीने करावयाची नसून घराने, शेजाऱ्याने आणि समाजाने करावयाची आहे.

त्यासाठी फार मोठे काही नको. बाळ येण्याच्या दोन महिने आधी घरच्यांनी एकत्र बसून कामांची यादी करावी: कोणते काम थांबू शकते, कोणते थांबू शकत नाही. त्या हंगामात दोन वाफे कमी लावले तरी चालतील. बापाने बाळाची कामे आपली समजावीत. औषध फवारून आल्यावर हात धुऊन, कपडे बदलूनच बाळाला घ्यावे. ट्रॅक्टरवर मुलाला मांडीवर घेऊन बसण्याची हौस कोणीही करू नये. आणि आपल्या मंडळांनी, जशी गणेशोत्सवासाठी पाळी लावून माणसे येतात, तशी बाळंतिणीच्या घरी सव्वा महिना पाळी लावावी. एकाने पहाटे भाजी तोडावी, दुसऱ्याने ती बाजारात न्यावी, तिसरीने दोन तास बाळ सांभाळावे.

बारशाला आपण बाळासाठी झबले नेतो, सोन्याचा मणी नेतो. ते अवश्य न्यावे. परंतु पुढच्या वेळी बाळंतिणीला एवढेही विचारून यावे: “पोरी, उद्या सकाळी मळ्यात कोणते काम आहे? मी येते.”