ट्यूनिंग केल्याने गाडीचे अॅव्हरेज खरेच वाढते का?

आपल्या बिदर-कलबुर्गी भागातल्या अनेक कुटुंबांचे नातेवाईक सोलापूर, लातूर, हैदराबादेत विखुरलेले. लग्न, बारसे, तुळजापूर, गाणगापूर असे काही ना काही निघते आणि गाडी रस्त्यावर येते. त्यामुळे चार माणसे जमली की “तुमची गाडी अॅव्हरेज किती देते?” हा प्रश्न ठरलेलाच. त्यावर हमखास एक सल्लाही मिळतो, “ट्यूनिंग करून घ्या, पिकअपही वाढेल आणि अॅव्हरेजही.” यात तथ्य किती?

पूर्वी मेकॅनिक कार्बोरेटरचा स्क्रू पिळून पेट्रोल आणि हवेचे प्रमाण जमवत असे. आता ते काम ईसीयू नावाचा छोटा संगणक करतो. हवा किती आली, इंजिन किती तापले, अॅक्सिलरेटर किती दाबला हे सेन्सर त्याला कळवतात. मग आपल्याकडच्या तक्त्यात पाहून तो इंधन किती आणि नेमके केव्हा सोडायचे ते ठरवतो. या तक्त्याला मॅप म्हणतात. ट्यूनिंग म्हणजे या मॅपमधले आकडे बदलणे.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही याच प्रमाणावर नीट चालतो. कंपनीने ते आधीच साधलेले असते, म्हणून टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत ट्यूनिंगने फारसे काही हाती लागत नाही. टर्बो डिझेलची गोष्ट वेगळी. हवेचा दाब आणि डिझेल वाढवले की ताकद चांगलीच वाढते. कमी आरपीएमलाच जोर मिळाल्याने वरचा गिअर लवकर टाकता येतो आणि थोडे डिझेल वाचू शकते. पण पाय हलका ठेवला तरच! वाढलेली ताकद वापरायची म्हटली की डिझेलही जास्तच जळणार.

हा जोर कंपनीने मुळातच का दिला नाही? मे महिन्यातले आपल्याकडचे ऊन, गाडीत सात माणसे, टपावर सामान आणि कुठेतरी भरलेले भेसळीचे डिझेल, हे सारे सोसता यावे म्हणून इंजिनात थोडी ताकद राखून ठेवलेली असते. ट्यूनिंग ही राखीव ताकद खर्च करते. त्याचा भार टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्सवर पडतो.

दुसरे कारण प्रदूषणाचे. मॅपमधल्या आकड्यांनी काय होऊ शकते ते जगाने २०१५ मध्ये पाहिले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करत असे. पुण्याच्या एआरएआय संस्थेने भारतातल्या गाड्याही तपासल्या. त्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने इथल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक डिझेल कारना काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. चुकीच्या ट्यूनिंगने काजळी वाढली की तो तुंबतो. मग काही जण तो काढूनच टाकायला सांगतात. तो धूर शेवटी आपल्याच लेकरांच्या नाकात जातो.

आता हिशेब करू. वर्षाला १५,००० किलोमीटर आणि लिटरला १५ किलोमीटर धरले तर १,००० लिटर डिझेल लागते. अॅव्हरेज ५ टक्के वाढले तर सुमारे ४८ लिटर वाचतील. ९० रुपये भावाने ते झाले ४,३०० रुपयांच्या आसपास. ट्यूनिंगचा खर्च २५,००० रुपये धरला तर तो वसूल व्हायला जवळजवळ सहा वर्षे लागतील.

शिवाय वॉरंटी जाऊ शकते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाला छेद देणारे फेरफार करू देत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीही बोट ठेवू शकते.

त्यापेक्षा बिनखर्चाचे उपाय आधी करून पाहा. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, एअर फिल्टर वेळेवर बदला. हुमनाबादहून सोलापूरला जाताना १०० ऐवजी ८० ने चाला. १०० च्या वेगाला हवेचा विरोध ८० च्या दीडपटीहून जास्त असतो. टाकी फुल्ल करून किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करा आणि भागाकार करा. असे तीनदा केले की तुमच्या गाडीचे खरे अॅव्हरेज कळेल. ट्यूनिंगचा विचार त्यानंतरच करा.