कचारगडची वाट

गेल्या माघात मी कचारगडला जाऊन आलो. हे आपल्या गोंदियातल्याच एका विद्वान स्नेह्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, “तेथे पाहण्यासारखे काय आहे? एखादे जुने देऊळ? तटबंदी? शिलालेख?” यांपैकी काहीच दाखवता येण्याजोगे नाही, एक मोठी गुहा आहे, असे मला कबूल करावे लागले. “मग हाजरा धबधब्यावरूनच परत फिरावयाचे होते!” असे म्हणून त्यांनी विषय संपविला. त्यांना द्यावयाचे उत्तर मला त्या वेळी सुचले नाही. ते आज आपणांपुढे देतो.

कचारगड आपल्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत आहे. हावड्याच्या लोहमार्गावर आमगाव, सालेकसा मागे टाकले की सपाट धानशेती संपते, दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात आणि दरेकसा स्थानक लागते. तेथून धनेगावला जावयाचे आणि पुढे पायी. डोंगर काही मोठा नव्हे. सह्याद्रीत फिरलेला मनुष्य त्याला टेकडीच म्हणेल. पण वाट दगडधोंड्यांची, चढ अंगावर येणारा, आणि मोह, तेंदू, बांबूचे रान असे दाट की गुहेचे तोंड समोर येईपर्यंत तिची कल्पना येत नाही. ही आशियातील सर्वांत मोठी गुहा, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. मी ती मोजलेली नाही, आणि मोजून तिचे मोठेपण ठरेल असेही मला वाटत नाही.

लहानशा डोंगरावर माणसे शतकानुशतके का चढतात, हे समजून घेण्यास जपानमधील एका डोंगराचा उपयोग होईल. हिरोशिमाजवळ समुद्रात इत्सुकुशिमा नावाचे बेट आहे, आणि त्या बेटावर मिसेन नावाचा अवघा 535 मीटरचा डोंगर. कूकाई हा थोर बौद्ध आचार्य इ. स. 806 मध्ये चीनहून परतल्यावर तेथे साधनेस बसला, अशी श्रद्धा आहे. त्याने पेटविलेला अग्नी बाराशे वर्षे राखला, असे तेथील भाविक सांगतात. हिरोशिमाच्या शांतिवनात 1964 साली जी ज्योत पेटविली, तीही याच अग्नीवरून घेतल्याचे सांगतात. डोंगरावर जाण्यास 1959 पासून पाळण्याची सोय आहे. तरीही पुष्कळ लोक दीड-दोन तास पायऱ्या चढून जातात. त्यांना शिखर जिंकावयाचे नसते. आपल्या आधी जे चढून गेले त्यांच्या वाटेने जावयाचे असते.

मिसेनवर खुणा तरी आहेत: मंदिरे आहेत, अग्नी आहे. कचारगडची खूण कोठे आहे? ती गाण्यात आहे.

गोंड समाजात ही कथा अनेक पाठांनी सांगितली जाते. त्यांतील एका पाठाप्रमाणे कली कंकाली मातेची तेहतीस मुले फार अनावर झाली, म्हणून शंभूने त्यांना या गुहेत कोंडले आणि तोंडावर प्रचंड शिळा लोटली. आई बाहेर आक्रोश करू लागली. तेव्हा जंगो रायताड आणि पहांदी पारी कुपार लिंगो मदतीस आले. पण शिळा बाहेरून हलेना. मग हिरासुका पाटारीने आपली किंगरी छेडली. ते सूर आत पोचले, मुलांच्या अंगी बळ आले, त्यांनी आतून जोर केला आणि शिळा सुटली. मात्र ती कोसळली ती नेमकी वाजविणाऱ्यावरच. सुटलेल्या मुलांना लिंगोने ज्ञान दिले आणि गोत्रांची व्यवस्था लावून दिली. श्रोतेहो, या कथेत शिळा शस्त्राने फुटत नाही, सुराने सुटते. आणि सोडविणारा स्वतः मात्र वाचत नाही. अशी कथा ज्या समाजाने सांभाळली, त्याला शिलालेखाची उणीव का वाटावी?

ही कथा अलीकडे कोणी रचलेली नव्हे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे दीर्घ गीत एका परधानाकडून ऐकून टिपून ठेवले होते. ते 1863 साली नदीत बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापून प्रसिद्ध केले. पाठ वेगळा आहे, पण गुहेत कोंडलेले गोंड, दारावरची शिळा आणि सोडविणारा लिंगो त्यातही आहेत. त्यात ‘काचीकोपा लाहूगड’ हे नावही येते. ते स्थान म्हणजेच कचारगड, असे आज गोंड समाज मानतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील यात्रेला पुन्हा उजाळा दिला. माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसे येतात, वाटेवर ‘जय सेवा’ म्हणून एकमेकांना भेटतात, आणि लेकुरवाळ्या बायाही तो चढ चढतात.

जुन्याच डोंगरांना पावित्र्य येते असेही नाही. याच लोहमार्गाने थोडे पुढे गेले की डोंगरगड येते. तेथे बम्लेश्वरीच्या डोंगराजवळच प्रज्ञागिरी ही टेकडी आहे. तिच्यावरील बुद्धाची भव्य मूर्ती गेल्या काही दशकांतील. फेब्रुवारीत तेथे भरणाऱ्या मेळाव्याला आपल्या जिल्ह्यातूनही मंडळी जातात. मिसेनच्या अग्नीला बाराशे वर्षांची परंपरा सांगतात. हिला एका पिढीची. चढताना धाप मात्र सारखीच लागते!

माझी चिंता वेगळीच आहे. कचारगडला वाट करता येईल, दिवे लावता येतील. पण गाणे जाणणारे पाटारी वृद्ध झाले आहेत, आणि त्यांच्या नातवंडांना गोंडी समजते, बोलता येत नाही. पैसा थोडाच असेल, तर तो पायऱ्यांआधी त्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणावर खर्च करावा, असे माझे मत आहे.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी पाणी सोबत न्यावे आणि दिवस मावळण्यापूर्वी उतरावे. धनेगावातील कोणी जाणता बरोबर घ्यावा, आणि गुहेपाशी पोचल्यावर त्याला ती कथा सांगण्याची विनंती करावी. मला सांगणारे गृहस्थ हिरासुकापाशी आले, तेव्हा थोडा वेळ बोलायचे थांबले होते.