घाणेरीचे विष व गुरांचे यकृत

बुलढाण्याजवळील देऊळघाट हे पैनगंगेच्या काठचे गाव. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली ही नदी येथे अद्याप लहान असते. गवत संपले म्हणजे अशा गावांतील गुरे बांधांकडे व कुंपणांकडे वळतात आणि एरवी ज्या झुडपास तोंड लावीत नाहीत त्याचाही पाला ओरबाडतात. बाजारातून नव्याने आणलेल्या बैलास तर घाणेरीची ओळखच नसते. काही भागांत टणटणी म्हटले जाणारे हे झुडूप मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी ते भारतात आणले गेले.

घाणेरीच्या पाल्यातील लॅन्टाडीन नावाची द्रव्ये यकृतावर आघात करतात व पित्ताचा मार्ग बंद पाडतात. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्यापासून जनावराच्या पोटात फायलोएरिथ्रिन हा पदार्थ तयार होतो व एरवी तो पित्तावाटे निघून जातो. पित्त तुंबले की तो रक्तात साचतो आणि उन्हात उभ्या जनावराची पांढरी, विरळ केसांची कातडी भाजल्यासारखी होते. नाकपुडी, कान व सड यांना भेगा पडतात, डोळे पिवळे होतात. पुष्कळदा हा कातडीचा रोग समजून वरून तेल लावले जाते. बिघाड मात्र आत, यकृतात असतो.

हे उकलले ते प्रयोगशाळेत. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या पालमपूर येथील केंद्रात गिनीपिगांना घाणेरीचा पाला देऊन त्यांच्या अवयवांची तपासणी करण्यात आली. अशा परीक्षेत रक्तातील पित्तरंजकाचे प्रमाण मोजतात. पुढे यकृत व मूत्रपिंडे यांचे वजन करतात, त्यांचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये टिकवून अतिशय पातळ काप काढतात व रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बाधित गिनीपिगात पित्ताशय फुगलेले व यकृतातील पेशी बिघडलेल्या आढळतात.

अर्क कशात काढला यालाही फार महत्त्व आहे. लॅन्टाडीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मद्यार्कात विरघळते. तेव्हा केवळ पाण्यातील काढा निरुपद्रवी ठरला म्हणून पाला निर्धोक ठरत नाही. प्राण्याची निवडही तितकीच नाजूक. कण्हेरीचे विष हृदयावर चालते. परंतु उंदराचे हृदय त्या जातीच्या विषांना बरेच दाद देत नाही, तेच गिनीपिगाचे हृदय चटकन बळी पडते. पुष्कळ सशांच्या अंगी धोतऱ्यातील अॅट्रोपिन नष्ट करणारे द्रव्य असते, म्हणून त्यांना धोतऱ्याचा पाला पचतो. सशाने खाल्ले ते बैलास चालेल, हा तर्क म्हणूनच घातक. मुक्या प्राण्यांवरील असे प्रयोग १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समितीच्या नियमांनुसारच करावे लागतात, हे येथे नमूद करणे योग्य होईल.

घाणेरी खाल्लेल्या गुराचे पोट मंदावते व पाला आतच राहून विष सतत शोषले जाते. यास्तव लक्षणे दिसताच जनावर सावलीत बांधावे, घाणेरीपासून दूर ठेवावे व पशुवैद्यास बोलवावे. पोटातील विष धरून ठेवण्यासाठी पशुवैद्य औषधी कोळशाची पूड पाजतात. प्रौढ जनावरास ती सुमारे २ किलो लागते. चुलीतील कोळसा कुटून तिचे काम भागत नाही.

जनावर दगावलेच, तर पुरण्याची घाई करू नये. शवविच्छेदनात पशुवैद्याने काढलेले यकृताचे व मूत्रपिंडाचे अर्धा सेंटिमीटर जाडीचे तुकडे त्यांच्या दसपट १० टक्के फॉर्मेलिनमध्ये प्रयोगशाळेकडे जातात. सोबत संशयित झुडपाची फुलाफळांसह एक फांदी कागदात दाबून द्यावी. अकोला येथे स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. नमुना कोठे पाठवावा हे तालुक्याच्या दवाखान्यात विचारावे.