अजिंठ्याच्या डोंगरातले पानझडी जंगल

सिल्लोड तालुक्याच्या उत्तरेकडील अजिंठ्याच्या डोंगररांगेत शुष्क पानझडी जंगल आहे. साग, सालई, धावडा, पळस, खैर ही तिथली झाडे. पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो, म्हणून झाडांची खरी वाढही मुख्यतः याच काळात होते. पुढे पाणी वाचवण्यासाठी पाने गळतात. पळस तर निष्पर्ण असतानाच फुलतो. सागाचे कोवळे पान चुरगळले की बोटे लाल होतात. त्याच्या ओंडक्यात वर्षागणिक पडणारी कडी स्पष्ट दिसतात, कारण हंगामाच्या सुरुवातीच्या लाकडात छिद्रे मोठी असतात. विषुववृत्तीय सदाहरित जंगलात वाढ बारमाही, त्यामुळे कडी बहुधा अस्पष्ट. सायबेरियातील तैगात सूचिपर्णी वृक्ष तोकड्या उन्हाळ्यातच वाढतात. तिथला लार्च मात्र सूचिपर्णी असूनही हिवाळ्याआधी पाने गाळतो.