आवाजी मतदानात हरवलेली नावं

9 ऑक्टोबर 2018. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. भिलाई पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या 11 क्रमांकाच्या बॅटरीपाशी गॅसच्या पाइपलाइनवर ठरलेली दुरुस्ती चालू होती आणि सकाळीच स्फोट झाला. नऊ जण त्याच दिवशी गेले, पुढच्या दिवसांत आकडा वाढत राहिला. भिलाईत प्रत्येक गल्लीत कारखान्यातलं कुणी ना कुणी असतं. त्या दिवशी घरोघरी एकच प्रश्न होता: आपला माणूस कोणत्या पाळीला होता?

त्याआधी चारच वर्षांपूर्वी, 12 जून 2014 रोजी, पंपहाउसमध्ये पाण्याची लाइन फुटली. पाण्याचा दाब पडला आणि ज्या वाटेनं पाणी वाहायचं त्या वाटेनं झोतभट्टीचा गॅस उलटा आला. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. खिशाला लावलेला छोटा मॉनिटर वाजला तरच कळायचं. सहा जण गेले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते.

दोन्ही वेळा चौकशी झाली. 2018 मध्ये कारखान्याच्या प्रमुखांना पदावरून हटवण्यात आलं. पण ज्या कायद्यानं हा कारखाना चालतो, तो संसदेत कुणाच्या मतानं संमत झाला, हे आपण विचारलं नाही. म्हणून मागं वळून पाहायचं.

कारखाना कायदा 1948 चा. तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर. त्याआधी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखातं सांभाळताना डॉ. आंबेडकरांनी कामाचा आठवडा 48 तासांवर आणणारी दुरुस्ती मांडली आणि ती 1946 मध्ये झाली. तेव्हाच्या मध्यवर्ती कायदेमंडळात ना. म. जोशी वर्षानुवर्षं कामगारांसाठी भांडले. परक्यांच्या त्या सभागृहातही मतविभाजन झालं की दोन्ही बाजूंची नावं कामकाजाच्या छापील अहवालात यायची. आजही ती वाचता येतात.

पुढं 1976 मध्ये हजार कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आला. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. धोका समोर दिसला तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला, सुरक्षा समितीत जागा मिळाली. माझ्या मते या देशातल्या कामगाराला संसदेनं दिलेलं हे सर्वांत मोलाचं कलम. त्यासाठी आधी भोपाळमध्ये हजारो माणसं मरावी लागली.

आता 2020. कारखाना कायद्यासह तेरा कायदे एकत्र करणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता. 2019 चं पहिलं विधेयक स्थायी समितीकडे गेलं होतं, भर्तृहरी महताब अध्यक्ष होते. मग ते मागं घेतलं आणि 19 सप्टेंबर 2020 ला नवं मांडलं. ते समितीकडे गेलं नाही. 22 तारखेला लोकसभेत संमत, 23 ला राज्यसभेत. दोन्हीकडे आवाजी मतदान.

आवाजी मतदान म्हणजे काय, ते जवळून पाहायला हवं. अध्यक्ष विचारतात, बाकांवरून 'हो' उठतं, 'नाही' उठतं, अध्यक्ष कानांनी निकाल ठरवतात. एखाद्या सदस्यानं त्याला हरकत घेऊन मतविभाजन मागितलं तरच पुढं बटणं दाबली जातात आणि प्रत्येकाच्या नावापुढं त्याचं मत उमटतं. घटनादुरुस्तीला हे मोजणं टाळता येत नाही. कामगारांच्या जिवाच्या कायद्याला येतं.

संहितेच्या वेळी तर मतविभाजन मागणारंच कुणी नव्हतं. 20 सप्टेंबरला राज्यसभेत शेतीविषयक विधेयकांवर विरोधकांनी मतविभाजन मागितलं, ते मिळालं नाही, गोंधळ झाला. 21 ला आठ सदस्य निलंबित झाले. बहुतेक विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकला. 23 ला ही संहिता आणि आणखी दोन श्रमसंहिता संमत झाल्या आणि सभागृह बेमुदत तहकूब झालं. सरकारनं घाई केली, हे मी स्पष्टच म्हणतो. पण बाहेर गेलेल्यांनाही मी सोडणार नाही. कंत्राटी कामगारासाठी आत थांबून एकानं तरी नाव नोंदवायला हवं होतं.

28 सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. 1991 मध्ये याच तारखेला कामगारनेते शंकर गुहा नियोगींना भिलाईत गोळी घातली गेली. तारखा जुळतात, एवढंच. तरी इथल्या माणसाला ते लागतं.

संहितेत चांगलंही आहे. मोफत वार्षिक आरोग्य तपासणी आहे. मृत्यूच्या प्रकरणी किमान पाच लाखांचा दंड करता येतो आणि त्यातला निम्मा तरी वारसांना देण्याचा आदेश न्यायालय काढू शकतं. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली. भिलाईच्या आसपास अशी कितीतरी छोटी शेड आहेत. तिथल्या बारा-पंधरा जणांचं काय, यावर नावानिशी मतदान व्हायला हवं होतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून संहिता लागू झाली आहे. दुर्गच्या खासदारांनी 22 सप्टेंबर 2020 ला 'हो' म्हटलं की काहीच म्हटलं नाही, हे अधिकृत नोंदीतून कळायला मार्ग नाही. संहितेत दुरुस्ती आली, तर मतदानाआधी मी त्यांना पत्र लिहिणार आहे: पक्ष कोणताही असो, उभे राहा आणि मतविभाजन मागा.